गोल्फ क्लबला जाताना काय घालायचं? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात स्थायिक झालेला जावई, कंपनीचा डीलर मेळावा, नाहीतर फौजेतून रिटायर झालेला मेहुणा. आपल्याकडच्या माणसाच्या वाट्याला गोल्फ येतो तो बहुतेक वेळा या तीनपैकी एका वाटेनं. आमंत्रण येतं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, 'ड्रेस कोड पाळावा.' मग फोनाफोनी सुरू होते. असे फोन मलाही येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. मधूनमधून मतंही आली आहेत. ती माझी, कुठल्या क्लबाची नव्हेत.

ड्रेस कोड म्हणजे नेमकं काय घालायचं?

क्लबागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण सांगाडा एकच. पुरुषांना कॉलरचा शर्ट किंवा टी-शर्ट, तोही इन केलेला. खाली साधी सुती फुल पँट, नाहीतर गुडघ्यापर्यंत येणारी नीट शिवलेली हाफ पँट. पायात मोजे आणि गोल्फचे बूट किंवा सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट. बायकांना कॉलरच्या बाबतीत थोडी सूट असते: कॉलर असेल तर बाह्या नसल्या तरी चालतं, बाह्या असतील तर कॉलर नसली तरी चालतं. काय नको, तर गोल गळ्याचा टी-शर्ट, जीन्स, ट्रॅक पँट, खिसे लोंबणारी कार्गो, चप्पल, सँडल.

हे झालं मैदानाचं. क्लबहाउसमधलं जेवणाचं दालन आणि बार यांना संध्याकाळी वेगळा नियम असू शकतो. त्यामुळे बोलावणाऱ्याला पहिलं हेच विचारा: खेळायला येतोय, की नुसतं जेवायला?

हे गोल्फच्या नियमांतच लिहिलंय का?

नाही. जगभरात गोल्फचे नियम दोन संस्था मिळून ठरवतात, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची युएसजीए. २०१९ मध्ये ही नियमावली बरीच सुटसुटीत झाली, पण आधीही तिच्यात कॉलर नव्हती आणि आताही नाही. क्लबाच्या समितीला स्वतःची आचारसंहिता करायची मुभा तेवढी आहे. मैदान खराब करणारे खिळ्यांचे बूट चालणार नाहीत, असा स्थानिक नियम समितीला करता येतो. त्यामुळे 'गोल्फमध्ये कॉलर लागतेच' असं कुणी ठासून सांगितलं तर त्याला 'तुमच्या क्लबात लागते' असं दुरुस्त करायला हरकत नाही.

मग कॉलरचा हा हट्ट आला कुठून?

गोल्फ वाढला स्कॉटलंडच्या वाऱ्या-पावसाच्या किनाऱ्यावर. तिथले जमीनदार, वकील, व्यापारी घरून निघताना जे घालायचे तेच घालून खेळायचे: कोट, टाय, लोकरीची पँट. गुडघ्याखाली चार इंच येऊन संपणारी ढगळ पँट जुन्या फोटोंत दिसते, तिचा फायदा एवढाच की ओल्या गवतात पायघोळ भिजत नसे. म्हणजे सुरुवातीला तो गणवेश नव्हताच, त्या वर्गाचे रोजचे कपडे होते. पुढे रोजचे कपडे बदलले, आणि आधीचे नियमात जाऊन बसले.

गंमत म्हणजे आज ज्या कॉलरवाल्या टी-शर्टाला 'सभ्य' म्हणतात, तो आला तेव्हा सवलत म्हणूनच आला. १९२०च्या दशकात रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूनं लांब बाह्यांचा कडक शर्ट टाकून आखूड बाह्यांचा विणीचा शर्ट घातला. तोच पुढे गोल्फमध्ये शिष्ट पोशाख ठरला.

आपल्याकडे हे सगळं इंग्रजांबरोबर आलं. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. आपल्या जिल्ह्यातला महाबळेश्वर क्लब १८८१चा. साहेब उन्हाळा काढायला वर यायचा आणि येताना क्लबाची घडी सोबत आणायचा. ती घडी पुढच्या सभासदांनी मोडली नाही, कारण त्या घडीत बसायला मिळणं हाच सभासदत्वाचा अर्धा आनंद होता.

एक नियम मात्र मला मनापासून पटतो. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर गोल्फ खेळायचा तर आजही अंगावर लालभडक वस्त्र लागतं. ते मैदान सगळ्यांचं आहे. लोक कुत्री फिरवतात, घोड्यावरून रपेट मारतात. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण कसलेल्या खेळाडूच्या हातून तो ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर सुटतो. समोरच्याला खेळणारा लांबून दिसावा म्हणून लाल रंग. शंभर वर्षं झाली तरी कारण शिळं झालेलं नाही.

कोल्हापुरी चप्पल चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मैदानावर नाही. आणि इथे मी क्लबाच्या बाजूनं आहे.

ग्रीन म्हणजे ज्या हिरवळीवर ते भोक असतं तो भाग. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. बोट फिरवलं तर गालिचापेक्षा दाट लागतं. त्यावरून चेंडू घरंगळत १०८ मिलिमीटरच्या भोकात जायचा असतो. टाचेचा एक खळगा पडला की मागून येणाऱ्याचा चेंडू तिथे वळतो. पूर्वी बुटांना लोखंडी खिळे असत, ते १९९०च्या दशकात बहुतेक क्लबांनी बंद केले ते याच कारणानं. आता मऊ प्लास्टिकचे असतात. चपलेची अडचण उलटी आहे. कातडी तळ दवावर सटकतो. गोल्फचा फटका मारताना सगळा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, कंबर वळते, आणि अंगठ्यातून पायताण निसटलं तर माणूस बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. तालमीच्या हौदात चप्पल घालून कुणी पाय ठेवतं का? त्या मातीत ताक, तेल, लिंबू, सांगलीची हळद मुरवलेली असते, ती पोराटोरांनी रोज खोऱ्यानं उकरून मऊ ठेवलेली असते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आले, कवठेपिरानच्या मारुती माने यांनी हिंदकेसरी मारली, ते अशाच मातीत घडून. लंगोट लावूनच उतरायचं, पायताण बाहेर, हा तालमीचा ड्रेस कोडच आहे. फरक इतकाच, की तिथे वस्ताद तुमच्या लंगोटाची किंमत बघत नाही.

क्लबहाउसमध्ये कोल्हापुरी चालते का, हा वेगळा मुद्दा. कुर्त्यावर, मागे पट्टा असलेलं पायताण चालवून घेणारे क्लब आहेत, न घेणारेही आहेत. न घेणाऱ्यांकडे सांगण्यासारखं कारण मला अजून भेटलेलं नाही. सतरंजीचं नुकसान बुटानंही तेवढंच होतं.

जीन्स का नको? हल्ली लग्नातही चालते.

एके काळी ते कामगाराचं कापड होतं. दुसरं कारण नाही. काही क्लबांनी क्लबहाउसपुरती सूट दिली आहे. मैदानावर ती घामानं जड होते, त्यामुळे नियम नसता तरी मी घातली नसती.

हाफ पँट घातली तर अपमान होईल का?

उलट, उन्हाळ्यात शहाणपणाचं आहे. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, पुणंही फार मागे नसतं, आणि अठरा होलची, म्हणजे अठरा भोकांची, पूर्ण फेरी म्हणजे चार-साडेचार तास उन्हात चालणं. बहुतेक क्लबांना गुडघ्यापर्यंतची चालते. घरात घालतो ती चट्ट्यापट्ट्याची, नाडीवाली बर्म्युडा नको. पूर्वी हाफ पँटवर गुडघ्यापर्यंत मोजे घालायची सक्ती असायची, ती बऱ्याच ठिकाणी मागे पडली.

व्यावसायिकांचीही हीच कथा आहे. अमेरिकेच्या पीजीए टूरनं २०१९ मध्ये पुरुषांना हाफ पँटची परवानगी दिली, तीही सराव आणि हौशी खेळाडूंबरोबरच्या प्रो-अ‍ॅम फेरीपुरती. खऱ्या सामन्यात फुल पँटच. महिला खेळाडू मात्र कधीपासून आखूड कपड्यांत खेळताहेत. उघडे गुडघे पुरुषांचे असले की खेळाची प्रतिष्ठा जाते, हे कोडं मला उलगडलेलं नाही. २०२२ला सुरू झालेल्या लिव्ह गोल्फ या प्रतिस्पर्धी मालिकेनं सामन्यातही हाफ पँट मोकळी केली, आणि चेंडू आहे तसाच उडतो.

बायकोला सोबत न्यायचं आहे. ती साडीच नेसते. अडवतील का?

क्लबहाउसमध्ये साडी निर्धास्त चालते. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, चार फटके मारून बघायचे असतील तर पदर खोचून आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून मारता येतात. हौसेनं मारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पूर्ण फेरी खेळायची तर पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. ओढणी बांधून घ्या, स्विंगमध्ये अडकते.

आता कटू भाग. २०१७च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबात मेघालयातली एक खासी महिला जेवायला गेली होती, रीतसर पाहुणी म्हणून. अंगावर तिचा पारंपरिक जैनसेम होता. तिला टेबलावरून उठायला सांगितलं, कारण ती म्हणे मोलकरणीसारखी दिसत होती. जैनसेम हे खासी बायकांचं मानाचं वस्त्र, आपल्या नऊवारीसारखं. कपड्यांच्या नियमाचा खरा उपयोग कशासाठी होऊ शकतो हे त्या दुपारी उघडं पडलं. देशभर बोभाटा झाला, क्लबाला माफी मागावी लागली. ती जमीन सरकारी भाडेपट्ट्यावरची आहे, हेही तेव्हा लोकांनी आठवून दिलं.

बायकांसाठीचे नियम जुनेच असतात असंही नाही. २०१७च्याच जुलैत अमेरिकेच्या महिला टूरनं, एलपीजीएनं, खेळाडूंना खोल गळे, नुसत्या लेगिंग्ज आणि तोकडे स्कर्ट यांवर नवी बंदी घातली. पहिला दंड एक हजार डॉलर. जग पुढे चाललंय म्हणायचं आणि पट्टी घेऊन स्कर्ट मोजत बसायचं, हे तिकडेही चालतं.

वडील धोतर, नेहरू शर्ट आणि टोपी घालतात. त्यांना घेऊन जाऊ का?

जरूर घेऊन जा, पण आधी फोन करा. 'राष्ट्रीय पोशाख चालतो' असं लिहिणाऱ्या अनेक क्लबांच्या डोक्यात राष्ट्रीय पोशाख म्हणजे बंद गळ्याचा कोट असतो. लेंग्यावर जाकीट घातलं तर चालतं, नुसता लेंगा-शर्ट चालत नाही, असले बारकावे असतात.

धोतराचा प्रश्न २०१४ मध्ये चेन्नईत ऐरणीवर आला. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंतामन एका समारंभाला वेष्टी नेसून गेले आणि क्रिकेट असोसिएशनच्या क्लबानं त्यांना दारात अडवलं. महिन्याभरात तमिळनाडू विधानसभेनं कायदाच केला: वेष्टी किंवा भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून कुठल्याही क्लबानं प्रवेश नाकारायचा नाही. नाकारला तर परवाना जाऊ शकतो. न्यायमूर्तींना अडवलं म्हणून कायदा झाला. शेतकऱ्याला अडवलं असतं तर?

आणि आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९६२ला संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते धोतर आणि पांढऱ्या टोपीतले पुढारी म्हणूनच. त्याच संरक्षण दलांपैकी नौदलानं आपल्या मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली २०२४ला.

टोपी, फेटा, पगडीचं काय?

गोल्फची कॅप आत गेल्यावर काढायची असते, उलटी घालायची नसते. फेटा, पगडी किंवा गांधी टोपी हा पोशाखाचा भाग आहे, ती काढायला सांगणं मूर्खपणा आहे.

क्लबाला असं अडवायचा कायदेशीर हक्क आहे का?

तमिळनाडूचा कायदा तमिळनाडूपुरता. एरवी राज्यघटनेच्या १५व्या कलमानुसार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या सार्वजनिक जागा इथे मज्जाव करता येत नाही. त्या यादीत कपडे नाहीत. शिवाय खासगी क्लब संघटना स्थापन करण्याच्या हक्काकडे बोट दाखवतो. थोडक्यात, दारात उभं राहून कायदा सांगण्यात अर्थ नाही. सभासदानं वार्षिक सभेत विषय काढला तर मात्र नियम बदलतात. बदललेत ते बहुधा तसेच.

दाजी सुभेदार मेजर होते, ते म्हणतात फौजेच्या गोल्फ कोर्सवर शिस्त जास्त असते. खरंय का?

खरं आहे, आणि त्यांच्या तोंडून ऐकायला मजा येते. लष्कराचे गोल्फ कोर्स कागदोपत्री 'पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र' म्हणून ओळखले जातात. तिथे नियम छापील असतो, सगळ्यांना सारखा असतो आणि आधी कळवलेला असतो. आपशिंग्यासारख्या गावातल्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या माणसाला ही शिस्त खुपत नाही. खुपते ती दारावरच्या माणसाच्या मर्जीवर चालणारी शिस्त. पाहुण्यांच्या नावाची नोंद आधी करावी लागते आणि ओळखपत्र लागतं, एवढं लक्षात ठेवा.

कपड्यांचा खर्च किती येईल?

जवळपास शून्य. हायस्कूलच्या सरांकडे असतात तेच कपडे लागतात: फिकट पँट, कॉलरचा टी-शर्ट, पट्टा. साताऱ्याच्या खणआळीत किंवा सांगलीच्या कापड पेठेत मिळतात. मोठा लोगोवाला टी-शर्ट घेऊ नका. गोल्फचे बूट पहिल्या दिवशी विकत घेऊ नका, सपाट तळाचे पुरतात. ज्यावर खर्च करावा ती एकच वस्तू, डाव्या हातातला ग्लोव्ह. तोही भाड्याच्या किटमध्ये बऱ्याचदा मिळतो. डावखुऱ्यांनी उजव्या हाताचा मागा.

सरळ सांगा, हे नियम कालबाह्य झालेत की नाही?

पायाचे नाहीत, गळ्याचे झालेत.

बुटाचा नियम गवत राखतो, लाल रंग माणूस राखतो. कॉलर काय राखते? उन्हापासून मान झाकते, असं एक उत्तर मिळतं. मग उभ्या पट्टीचा गळा चालायला हवा. टायगर वुड्स वर्षानुवर्षं तसाच बिनकॉलरचा शर्ट घालून जगातल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धा खेळला आणि त्याला कुणी अडवलं नाही. तोच शर्ट घालून तुम्ही जाऊन बघा. २०२०च्या ऑक्टोबरात टिरेल हॅटन इंग्लंडमधली वेंटवर्थची मोठी स्पर्धा हूडी घालून जिंकला, तेव्हा निम्मी चर्चा त्याच्या खेळाची आणि निम्मी टोपडं जोडलेल्या स्वेटरची झाली. आमच्याकडे असं चालणार नाही, म्हणून काही क्लबांनी लगबगीनं जाहीर केलं. खेळात काय बिघडलं ते कुणी सांगितलं नाही.

कॉलर खरं तर ओळख पटवते: हा आपल्यातला, हा बाहेरचा. आणि गोल्फचा बाहेरच्यांबाबतचा इतिहास अभिमानाचा नाही. पापवा सेवगुलम हा दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा खेळाडू, मूळचा कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा. दोन्ही हात सगळ्यांच्या उलट धरून खेळायचा. १९६३ला दरबानमध्ये नाताळ ओपन जिंकला. गोऱ्यांच्या क्लबहाउसमध्ये त्याला प्रवेश नव्हता. गोरे आत बसले होते आणि त्याला करंडक बाहेर पावसात देण्यात आला. त्याचे कपडे नियमात बसणारेच होते. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबानं बायकांना सभासद करून घेतलं २०१२ला, सेंट अँड्र्यूजच्या क्लबानं २०१४ला. हे दरवाजे उघडले, तेव्हा गाळण्याचं काम करायला कपडेच काय ते उरले.

कॅडींकडे बघा. बॅग उचलून तेवढंच चालणारा, ग्रीनवर तेवढाच वेळ उभा राहणारा माणूस कॉलर नसलेल्या बनियनवजा जॅकेटमध्ये फिरतो, आणि हिरवळीचं काही वाकडं होत नाही. १९९१ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर कॅडीच होता.

पण नियम काढले तर उद्या लोक बनियनवर येतील!

येणार नाहीत. लग्नाच्या पत्रिकेवर ड्रेस कोड नसतो, तरी मांडवात कुणी बनियनवर येत नाही. 'स्वच्छ कपडे आणि मैदानाला इजा न करणारे बूट' एवढी एक ओळ पुरते. काही क्लब त्या दिशेनं निघालेतही. तिथे तरुण पोरं जास्त दिसतात आणि वर्गणीही वेळेवर जमते, असं कमिटीवाले खासगीत सांगतात.

एक बाजू मान्य करतो. नियम सैल झाले की ज्याच्याकडे पैसा, त्याचे कपडे बोलायला लागतात. कॉलरवाला साधा टी-शर्ट सगळ्यांना सारखं करतो, शाळेच्या गणवेशासारखं. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये शिकलेले माझे एक परिचित हा मुद्दा नेहमी मांडतात, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण गणवेश सारखा करायचा असेल तर तो शाळेनं द्यावा.

गेटवरच अडवलं तर?

वॉचमन आधी पायांकडे बघतो, मग गळ्याकडे. त्याच्याशी वाद घालू नका, त्याची नोकरी आहे. बोलावणाऱ्या सभासदाला फोन करा. पाहुण्याची जबाबदारी त्याची असते आणि सही त्याची चालते. बऱ्याच क्लबांच्या प्रो-शॉपमध्ये, म्हणजे आतल्या दुकानात, टी-शर्ट मिळतो, पण भाव ऐकून खंबाटकी पुन्हा उतरून परत जावंसं वाटेल. त्यामुळे गाडीच्या डिकीत एक इस्त्रीचा कॉलरचा टी-शर्ट, मोज्यांचा जोड आणि बूट टाकूनच निघा. पावसाळ्यात मोज्यांचे दोन जोड.